पोटातील पाणी काढणे: निवासी डॉक्टरांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या वरिष्ठांसाठी

नागपूरच्या कोणत्याही मोठ्या मेडिसिन वॉर्डात जलोदराचा एकही रुग्ण नाही असे क्वचितच घडते. दारूमुळे किंवा काविळीच्या विषाणूमुळे निकामी झालेले यकृत, पोटाचा क्षय, हृदयविकार, अंडाशयाचा कर्करोग अशा निरनिराळ्या कारणांनी पोट फुगलेली माणसे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटहून मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानमधल्या एम्समध्ये येतात. त्यामुळे पोटातील पाणी काढणे, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत ‘टॅप’, ही बहुतेक इंटर्नच्या वाट्याला येणारी पहिली खरी प्रक्रिया असते. ती सोपी समजली जाते, आणि सोपी समजली जाते म्हणूनच ती कोणी नीट शिकवत नाही. सुई पोटात घालणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. चुका होतात त्या आधीच्या निर्णयात, जागेच्या निवडीत, नमुन्यांच्या हाताळणीत आणि पाणी काढून झाल्यानंतरच्या चार तासांत. म्हणून या लेखात सुईला तिच्या वाट्याची जागा दिली आहे आणि उरलेली जागा बाकीच्या गोष्टींना.

टॅप करायचा की नाही

पोटात पाणी असलेला रुग्ण कोणत्याही कारणाने भरती झाला, तर तपासणीसाठी थोडे पाणी काढावे, हा सर्वसाधारण नियम आहे. यकृताच्या रुग्णाला ताप, पोटदुखी, गुंगी किंवा वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) असेल, तर तो नियम न राहता तातडीचे काम होते, कारण पोटातील पाण्याला झालेला जंतुसंसर्ग अनेकदा पोट न दुखताच येतो. भरतीपासून बारा तासांच्या आत टॅप झालेले रुग्ण उशिरा टॅप झालेल्यांपेक्षा अधिक वाचतात. रात्री अकराला आलेल्या रुग्णाचा टॅप ‘सकाळच्या राऊंडनंतर’ करणे म्हणजे ती मुदत गमावणे.

उशिराचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ‘पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची तपासणी) आल्यावर बघू’ हे वाक्य. यकृताच्या जुनाट आजारात आयएनआर बहुधा वाढलेला असतो. पण त्या रुग्णांत गोठण्याचे आणि गोठू न देण्याचे असे दोन्ही घटक कमी झालेले असल्यामुळे तो आकडा रक्तस्रावाचा धोका सांगत नाही. केवळ आकडा सुधारावा म्हणून टॅपपूर्वी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. या प्रक्रियेत आतड्याला छिद्र पडणे किंवा पोटात मोठा रक्तस्राव होणे हे हजारात एकापेक्षाही कमी वेळा घडते. मात्र हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागांतून आपोआप रक्त येत असेल, म्हणजे रक्त गोठण्याची यंत्रणाच कोसळली असेल, तर थांबावे आणि वरिष्ठांना बोलवावे. आतडे अडून फुगलेले असणे, गर्भारपण, रिकामे न झालेले मूत्राशय आणि ठरवलेल्या जागेवरील त्वचेचा संसर्ग या बाबतींतही आधी विचार करावा लागतो. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णात रक्तस्रावाची शक्यता जास्त असते, म्हणून तिथे सोनोग्राफीचा आधार घ्यावा आणि टॅपनंतर निरीक्षण वाढवावे.

रुग्णाशी बोलणे

संमतीच्या कागदावर नातेवाइकाचा अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याने स्वतःच द्यायची असते आणि ती पुरेशी माहिती मिळाल्यावर द्यायची असते. आपल्या वॉर्डात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा चालतात, पण गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेल्या रुग्णाची भाषा गोंडी असू शकते, आणि तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या माणसाकडून प्रत्येक वाक्य समजावून घेण्यात जाणारी पाच मिनिटे वाया गेलेली नसतात.

काय सांगायचे ते आधी ठरवून ठेवावे. उदाहरणार्थ: “काकाजी, तुमच्या पोटात पाणी साचलं आहे. ते कशानं साचलं आणि त्यात जंतू आहेत का, हे पाहायला सुईनं थोडं पाणी काढायचं आहे. आधी जागा बधीर करू, तेव्हा मुंगी चावल्यासारखं वाटेल. नंतर फक्त दाब जाणवेल. कधीकधी त्या जागेतून थोडं पाणी झिरपत राहतं, क्वचित रक्त येतं. हे डॉक्टर सुई घालतील, मी बाजूलाच उभा आहे.” शेवटचे वाक्य वगळू नये. शिकणारा डॉक्टर सुई घालणार आहे हे रुग्णाला आधी सांगितले तर तो बहुधा नकार देत नाही. मध्येच कळले तर त्याचा विश्वास उडतो.

दोन गैरसमज आपणहून दूर करावेत. पहिला म्हणजे पाणी काढले की ताकद जाते हा. तपासणीपुरते काढलेले पाणी इतके थोडे असते की त्याने काहीच फरक पडत नाही. दुसरा म्हणजे उपाशी राहण्याचा. ‘सुई टोचायची आहे’ एवढेच कानावर पडले की नातेवाईक सकाळपासून रुग्णाला पाणीसुद्धा देत नाहीत. जागा बधीर करून होणाऱ्या टॅपला उपवास लागत नाही. मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, यकृताच्या किंवा सिकलसेलच्या (आनुवंशिक रक्तविकाराच्या) रुग्णाला तहानलेला ठेवणे अपायकारकच ठरते.

ट्रॉली

सामान स्वतः लावावे. सिस्टरने लावून दिलेली ट्रॉली वापरणाऱ्याला काय कमी आहे हे हातमोजे घातल्यावर कळते. होल टॉवेल (मधे छिद्र असलेले निर्जंतुक कापड), निर्जंतुक गॉज, क्लोरहेक्सिडीन किंवा बीटाडीन, जागा बधीर करणारे दोन टक्क्यांचे झायलोकेन, ५ आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजा, बारीक सुई, १८ नंबरची हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे प्लॅस्टिकची नळी चढवलेली सुई (जाड पोटासाठी लांब स्पायनल नीडल), नमुन्यांचे बल्ब (छोट्या कुप्या), ब्लड कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या) बाटल्या, आणि हाताच्या अंतरावर सुया टाकायचा पांढरा डबा. मोठा टॅप असेल तर आयव्ही सेट आणि मोजमापाच्या खुणा असलेले भांडे.

झायलोकेनची बाटली हातात घेऊन तिच्यावरील अक्षरे मोठ्याने वाचावीत. दोन टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. यकृताच्या रुग्णात दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा पाळली, तर ४५ किलोच्या माणसाला साधारण साडेसहा मिलिलिटरपर्यंत औषध देता येते. पाच मिलिलिटरमध्ये काम नीट होते. बल्बांवर नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ सुई घालण्याआधी लिहावी. नंतर लिहू म्हणून ठेवलेले दोन रुग्णांचे बल्ब एकाच ट्रेमध्ये शेजारी पडले की पुढचे सगळे निदान संशयास्पद होते.

पंख्याचा प्रश्न नागपुरात दरवर्षी उन्हाळ्यात येतो. डोक्यावरचा पंखा निर्जंतुक कापडावर धूळ टाकतो, म्हणून जागा साफ करण्यापासून ड्रेसिंग होईपर्यंत तो बंद असावा. याचा अर्थ एवढाच की बाकीची सर्व तयारी पंखा चालू असताना उरकून घ्यावी.

जागा

रुग्णाला लघवी करून यायला सांगावे. उशाकडची बाजू थोडी उंच करून उताणे झोपवावे आणि किंचित डावीकडे कलवावे. बोटाने ठोकून आवाज मंद होतो तो भाग शोधावा. नेहमीची जागा डावीकडे खाली असते: कमरेच्या हाडाचे पुढचे टोक चाचपून तिथून दोन बोटे वर आणि दोन बोटे आत. डावी बाजू निवडण्याचे कारण असे की तिथे पोटाची भिंत पातळ आणि पाण्याचा साठा खोल असतो, तर उजवीकडे लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाचे मोठे आतडे बऱ्याचदा वायूने फुगलेले असते. पोटाच्या मधल्या भागात उभ्या जाणाऱ्या सरळ स्नायूच्या बाहेरच राहावे, कारण त्याच्या मागून पोटाच्या भिंतीची मोठी धमनी जाते, आणि टॅपमधले गंभीर रक्तस्राव अनेकदा याच धमनीला सुई लागल्याने होतात. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, फुगलेल्या शिरा आणि बेंबीचा हर्निया यांपासून दूर राहावे. व्रणाखाली आतडे भिंतीला चिकटलेले असू शकते.

डावीकडे सुई घालण्याआधी प्लीहा किती खाली आली आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. यकृताच्या आजारात ती बऱ्याचदा वाढते. शिवाय विदर्भातील सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांत ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आक्रसलेली असेलच असे नाही, मोठी राहिलेलीही आढळते. पाण्याने ताणलेल्या पोटात ती हाताला लागत नाही. अशा वेळी सोनोग्राफी मागावी.

सोनोग्राफीने पाण्याची खोली, आतड्याची हालचाल आणि भिंतीतील रक्तवाहिन्या अशा तीनही गोष्टी दिसतात, आणि ती उपलब्ध असेल तर प्रत्येक टॅपला वापरावी असे माझे मत आहे. परंतु आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४) प्रत्येक यंत्र नोंदलेले असते आणि ते चालवणाऱ्याचीही नोंद लागते. इंटर्नने दुसऱ्या विभागातून यंत्र ढकलत आणावे आणि पोटावर लावावे असे चालत नाही. आपल्या विभागाच्या यंत्रावर कोणाची नावे आहेत हे आधी विचारून घ्यावे. ज्यांची नावे नाहीत ते रुग्णाला रेडिओलॉजीत पाठवून पेनाने खूण करून आणतात, आणि इथेच एक मोठी फसगत होते. खूण केली तेव्हा रुग्ण एका कुशीवर होता, स्ट्रेचरवरून वॉर्डात आल्यावर तो उताणा झोपला. तेवढ्या वेळात पाणी एकीकडे सरकले आणि आतडे दुसरीकडे तरंगले. म्हणून खूण करताना रुग्ण कसा झोपला होता, भिंतीची जाडी किती आणि पाणी किती खोल, या तीन गोष्टी केस पेपरवर लिहून आणाव्यात, आणि वॉर्डात त्याच स्थितीत झोपवून पुन्हा ठोकून खात्री करावी.

सुई

हात धुवावेत, मास्क, टोपी आणि निर्जंतुक हातमोजे घालावेत. मध्यापासून बाहेरच्या दिशेने जागा साफ करावी आणि औषध सुकू द्यावे. बीटाडीनला सुकायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि त्याचा परिणाम त्या वेळातच होतो. ओल्या त्वचेवर टॉवेल टाकण्याची घाई करू नये.

बारीक सुईने त्वचेत झायलोकेनचा छोटा फुगा करावा. नंतर लांब सुईने थोडे पुढे जावे, पिस्टन मागे ओढावा, रक्त येत नाही हे पाहावे, थोडे औषध सोडावे आणि पुन्हा पुढे जावे. पोटाच्या आतल्या आवरणाला सर्वांत जास्त वेदना असतात, म्हणून निम्मे औषध तिथपर्यंत राखून ठेवावे. पिवळे पाणी सिरिंजमध्ये आले की किती खोलीवर आले ते लक्षात घ्यावे. हीच सुई तुम्हाला पुढच्या सुईचे अंतर सांगते.

आता इंट्राकॅथ. दुसऱ्या हाताने त्वचा दोन सेंटिमीटर खाली ओढून धरावी, सुई सरळ आत न्यावी आणि पाणी येईपर्यंत त्वचा सोडू नये. सुई काढल्यावर त्वचा मूळ जागी येते, बाहेरचे आणि आतले छिद्र एका रेषेत राहत नाही आणि नंतरची गळती कमी होते. पुढे जाताना पिस्टनवर हलका ताण ठेवावा, एका वेळी काही मिलिमीटरच सरकावे आणि सुई धरणाऱ्या हाताचा तळवा रुग्णाच्या पोटावर टेकवून ठेवावा, म्हणजे रुग्ण खोकला तरी सुई त्याच्यासोबत हलते. आवरण ओलांडल्याची हलकी जाणीव होते आणि पाणी येते. तिथून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाऊन सुई स्थिर धरावी, प्लॅस्टिकची नळी तिच्यावरून आत सरकवावी, आणि मग सुई काढून थेट पांढऱ्या डब्यात टाकावी. टोपण पुन्हा लावू नये.

पाणी थांबले तर नळीचे टोक बहुधा आतड्याला किंवा चरबीच्या पडद्याला चिकटलेले असते. रुग्णाला थोडे वळवावे, नळी किंचित मागे घ्यावी, सिरिंजचा ताण सोडावा. काढलेली सुई नळीत पुन्हा घालू नये, कारण तिच्या धारेने नळीचा तुकडा कापला जाऊन पोटात राहू शकतो. सुई आत असताना तिचे टोक इकडेतिकडे फिरवून पाणी शोधणे ही त्याहून वाईट सवय आहे. दिशा बदलायची असेल तर सुई त्वचेजवळ मागे आणावी आणि मगच नव्या दिशेने न्यावी.

नमुने

पहिले पाणी कल्चरसाठी. खाटेजवळच ब्लड कल्चरच्या बाटल्यांचे रबरी झाकण स्पिरिटने पुसून, सिरिंजची सुई बदलून, प्रत्येक बाटलीत १० मिलिलिटर पाणी घालावे. हेच पाणी साध्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवले तर जंतू सापडण्याचे प्रमाण बरेच घटते. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये पेशींची मोजणी. प्लेन बल्बमध्ये अल्ब्युमिन (एक प्रथिन), एकूण प्रथिने आणि क्षयाचा संशय असल्यास एडीए (क्षयात वाढणारे विकर). कर्करोगाचा संशय असेल तर पेशी-तपासणीसाठी किमान ५० मिलिलिटर वेगळे द्यावे. त्याच दिवशी रक्तातील अल्ब्युमिन पाठवण्याचा विसर सगळ्यात जास्त पडतो, आणि त्याशिवाय पाण्याच्या अल्ब्युमिनचा उपयोग नसतो: रक्तातील आकड्यातून पाण्याचा आकडा वजा केल्यावर उत्तर १.१ किंवा अधिक आले तर पाणी यकृताच्या शिरांमधील दाबामुळे आहे, कमी आले तर क्षय, कर्करोग यांकडे वळावे.

कल्चरच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. पेशींचा बल्बही टेबलावर पडू देऊ नये. उन्हाळ्यात तापलेल्या वॉर्डात दोन-तीन तास राहिलेल्या पाण्यात पेशी मोडतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. नमुना कोण घेऊन जाणार हे सुई घालण्याआधी ठरलेले असावे.

अहवाल वाचायलाही शिकावे लागते. ‘एकूण पेशी ७००, पॉली ६० टक्के’ असे आले तर पॉली, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४२० झाल्या. ही संख्या २५० किंवा त्याहून अधिक असली की कल्चरची वाट न पाहता जंतुसंसर्गाचे उपचार सुरू करावेत. पाण्यात रक्त मिसळले असेल तर दर २५० तांबड्या पेशींमागे एक पॉली वजा करावी. तांबड्या पेशी १०,००० असतील तर ४० वजा. हे गणित जिने टॅप केला तिनेच संध्याकाळी प्रयोगशाळेला फोन करून करावे, रात्रपाळीच्या माणसावर सोडू नये.

पाणी जास्त काढायचे असेल तर

श्वास लागेल इतके पोट ताणलेले असेल तर नळी आयव्ही सेटला जोडून पाणी भांड्यात सोडावे. पाच लिटरहून अधिक पाणी निघणार असेल, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावे. आठ लिटर काढले तर ४८ ते ६४ ग्रॅम, म्हणजे वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या. त्या टॅप सुरू होण्याआधी हातात असाव्यात. सरकारी दवाखान्यातल्या रुग्णासाठी हा खर्चाचा प्रश्न आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बाटल्या मिळाल्या नाहीत, तर पाच लिटरच्या आतच थांबून उरलेले दुसऱ्या दिवशी काढणे हा प्रामाणिक मार्ग आहे. अल्ब्युमिनशिवाय दहा लिटर काढले तर रुग्णाला त्या संध्याकाळी हलके वाटते आणि पुढच्या काही दिवसांत त्याची लघवी कमी होत जाते.

रक्तदाब आणि नाडी पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी पाहावी. चार ते सहा तासांत नळी काढावी. रात्रभर ती ठेवल्याने संसर्गाला वाट मिळते. काढल्यावर दाबून ड्रेसिंग करावे आणि रुग्णाला दोन तास टोचलेली बाजू वर राहील असे झोपवावे. गळती थांबत नसेल तर तिथे एक टाका घालता येतो. काढलेले पाणी बेसिनमध्ये तसेच ओतू नये, रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे निर्जंतुक करून टाकावे. रक्ताळलेला गॉज पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, रिकाम्या काचेच्या बाटल्या निळ्यात.

बोटाला सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगावे, कारण एचआयव्हीसाठीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचे असते आणि ७२ तासांनंतर त्याचा फायदा राहत नाही.

छातीतले आणि पाठीतले पाणी

टॅप जमला म्हणजे बाकीचे जमले असे नाही. छातीत सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून घालतात, कारण नस आणि रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या काठाने जातात. एका वेळी दीड लिटरवर थांबावे, आणि सतत खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर त्याआधीच.

पाठीतले पाणी सुईने काढून तपासण्याची, म्हणजे एलपीची, भीती नातेवाइकांत इतकी खोल असते की संमतीच्या चर्चेतच ती तपासणी राहून जाते. ‘त्यानं पाय जातात’ हे ऐकल्यावर चिडू नये. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात, हे बोटाने स्वतःच्या पाठीवर दाखवले की बरेच जण ऐकतात. मेंदूज्वराचा संशय असताना गुंगी, नव्याने आलेली फीट, अर्धांगाची खूण किंवा डोळ्याच्या पडद्याला सूज असेल तर आधी सीटी करावे. पण त्या वाटेवर रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन (सूज कमी करणारे औषध) देऊन टाकावे. सीटीच्या रांगेसाठी एलपी थांबू शकते, औषध थांबू शकत नाही. एलपीची सुई काढण्याआधी तिच्या आतली तार पुन्हा घालावी. त्याच वेळी रक्तातील साखर तपासावी. नंतर सहा तास उताणे झोपवल्याने डोकेदुखी टळत नाही. टोक बोथट असलेली बारीक सुई वापरल्याने तिचे प्रमाण कमी होते.

शिकवणाऱ्यांसाठी

‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ ही रीत जुनी आहे आणि तिने तयार झालेले उत्तम डॉक्टरही आहेत. पण त्या रीतीत दुसऱ्या पायरीची किंमत रुग्ण मोजतो. एमबीबीएसच्या २०१९पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दाखवणे, निरीक्षण, मदत आणि मग स्वतः करणे असा क्रम दिला आहे. तो कागदावर राहू नये यासाठी काही गोष्टी कराव्या लागतात.

सुरुवात रुग्णावर नको. इंजेक्शन संत्र्यावर शिकवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि नागपुरात तर संत्र्यांची उणीव नाही. पण संत्र्याची साल त्वचेखालच्या इंजेक्शनपुरतीच उपयोगी, आवरण ओलांडल्याची जाणीव तिथे येत नाही. त्यासाठी दाट स्पंजवर रेक्झिन ताणून, खाली जाड प्लॅस्टिकची रंगीत पाण्याने भरलेली पिशवी ठेवावी. त्वचा ओढून धरणे, पिस्टन मागे ओढत पुढे जाणे, सुईवरून नळी सरकवणे या तीन क्रिया तिच्यावर हातात बसेपर्यंत करून घ्याव्यात.

दाखवण्याची पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. शिकवणारा एकदा न बोलता नेहमीच्या वेगाने करतो. मग प्रत्येक पाऊल समजावत करतो. मग शिकणारी व्यक्ती सांगते तसे शिकवणारा करतो. आणि शेवटी शिकणारी स्वतः बोलत करते. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. “आता काय?” असे विचारून शिकवणारा हात थांबवतो, आणि जिला ‘पिस्टन मागे ओढा’ हे सांगता येत नाही, तिला अजून सुई द्यायची नाही हे तिथेच कळते.

रुग्णाजवळ पहिल्या काही टॅपना शिकवणाऱ्याने स्वतः हातमोजे घालून उभे राहावे. दाराशी उभे राहून फोनवर बोलणे म्हणजे देखरेख नव्हे. रुग्ण जागा असतो, सगळे ऐकतो, म्हणून ‘अरे, चुकलं’ असे शब्द नकोत; ‘थोडं थांबू या’ म्हटले की सुई जिथे आहे तिथेच स्थिर धरायची आणि शिकवणाऱ्याचा हात येऊ द्यायचा, असे आधी ठरवून घ्यावे. हे वाक्य म्हणण्याचा अधिकार सिस्टरलाही असावा. अनेक वॉर्डांत निर्जंतुकपणा मोडला हे सर्वांत आधी तिच्याच लक्षात येते. दोन प्रयत्नांत पाणी आले नाही तर सुई वरिष्ठांकडे जाते, आणि हा नियम शिकवणाऱ्यालाही लागू असतो: त्याने दोनदा प्रयत्न केल्यावर रुग्ण सोनोग्राफीकडे जावा.

पहिला टॅप रात्री दोनला, सहा भरती वाट पाहत असताना, करायला लावू नये. तपासणीची घाई असेल तर तो टॅप अनुभवी माणसाने करावा आणि शिकणाऱ्याला मदतीला घ्यावे. काम संपल्यावर पाच मिनिटांत, ट्रॉली आवरतानाच, एक गोष्ट चांगली झाली ती आणि एक बदलायची ती सांगावी. सात गोष्टी सांगितल्या तर एकही राहत नाही.

लॉगबुकमध्ये केवळ तारीख आणि सही नको. कशासाठी टॅप केला, कोणती जागा, सोनोग्राफी होती का, किती प्रयत्न, किती पाणी, काय अडचण आली, पॉलींची संख्या किती निघाली आणि त्यावरून उपचार बदलले का, एवढे लिहिले तर पुढच्या वरिष्ठाला या व्यक्तीला एकटे सोडायचे की नाही हे ठरवता येते. अयशस्वी प्रयत्नही लिहावेत. सही त्या वेळी खाटेजवळ हजर असलेल्यानेच करावी. महिन्याअखेरीस एकगठ्ठा आलेल्या वह्यांवर सह्या करणे युनिटप्रमुखांनी बंद करावे.